वाळूखालचा मळा: पुळणीतल्या एका माडाच्या वाडीचं निचऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरची दोन एकरांची वाडी. पश्चिमेला सुरूची रांग आणि तिच्यापलीकडे समुद्र, पूर्वेला एक व्हाळ, म्हणजे ओहोळ. हा व्हाळ पुढे खाडीला मिळतो आणि उधाणाला त्यात खारं पाणी वर चढतं. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये.

इथली मूळ जमीन सपाट नसते. किनाऱ्याला समांतर वाळूचे उंचवटे असतात आणि दोन उंचवट्यांमध्ये सखल पट्टा. उंचवट्यावर माड आणि उंडी, सखल पट्ट्यात भात, अशी जुनी वाटणी. या वाडीच्या मालकाने जमीन घेतल्यावर मे महिन्यात यंत्र लावून उंचवट्याचा माथा कापला आणि ती वाळू पूर्वेच्या सखल भागात पसरली. पश्चिम टोक आणि पूर्व टोक यांच्यात ११० मीटर लांबीत फक्त १.१ मीटर उतार उरला. वरून पाहिलं तर सगळी वाडी एकाच पिवळसर वाळूची. जूनमध्ये साडेसात मीटर अंतरावर बाणवली या माडाच्या जातीची १२० रोपं लावली. ओळी किनाऱ्याला समांतर, पश्चिमेकडून पूर्वेकडे एकूण १४, प्रत्येकीत ९ रोपं. मधल्या दोन ओळींत विहिरीसाठी आणि पंपाच्या खोपीसाठी सहा जागा सोडल्या.

अडचण

दुसऱ्या पावसाळ्यात नवव्या ओळीपासून पुढची रोपं पिवळी पडू लागली. आधी खालची पानं, मग मधली. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत पूर्वेकडच्या ५४ रोपांपैकी १४ मेली होती, २७ पिवळी होती आणि १३ बरी होती. ही बरी असलेली बहुतेक नवव्या-दहाव्या ओळीतली.

“वाळूत पाणी थांबत नाही” हे गृहीत धरूनच उपाय झाले होते. पिवळेपणा म्हणजे नत्र धुपून गेलं, म्हणून युरियाचा जादा हप्ता. तरी फरक नाही, म्हणून लोह कमी असेल म्हणून फवारणी. उन्हाळ्यात त्याच रोपांची पानं करपली तेव्हा पाणी कमी पडतंय असं ठरवून रोपांभोवतीची आळी मोठी आणि खोल केली. पावसाळ्यात ती आळी फोडली नाहीत, त्यामुळे प्रत्येक रोपाभोवती परात भरून ठेवल्यासारखं पाणी साचत गेलं.

मालकाच्या नोंदवहीत एक गोष्ट स्पष्ट दिसत होती, पण तिचा अर्थ लावला गेला नव्हता. ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त पिवळी पडणारी रोपं आणि एप्रिलमध्ये सर्वांत आधी सुकणारी रोपं तीच होती. नुसतं खत कमी पडलं असतं किंवा नुसतं पाणी कमी पडलं असतं, तर असं झालं नसतं.

तपासणी: तीन खड्डे, तीन नळ्या

ऑगस्टच्या मध्यावर दुसऱ्या, सातव्या आणि बाराव्या ओळीत खड्डे घेतले. उतारावर वरून खाली एका रेषेत खड्डे घ्यायचे, ही मृदाशास्त्रातली जुनी रीत आहे. १९३५ साली जेफ्री मिल्न यांनी पूर्व आफ्रिकेतल्या जमिनींसाठी ‘साखळी’ या अर्थाचा ‘कटेना’ हा शब्द रूढ केला. मूळ माल एकच असला तरी उतारावर पाणी वेगवेगळं वागतं आणि त्यामुळे जमिनीचा उभा छेद, म्हणजे वरपासून खालपर्यंतचे थर, बदलत जातो. वाळूत हे विशेष ठळक दिसतं, कारण वाळूत चिकणमाती जवळपास नसते आणि छेदात जो फरक पडतो तो मुख्यतः पाण्याचा.

दुसऱ्या ओळीतला खड्डा दीड मीटरचा. वरपासून १२० सेंटिमीटरपर्यंत एकसारखी फिकट तपकिरी वाळू, मुन्सेल रंगपट्टीवर १० वायआर ६/४. मुठीत दाबली तर गोळा होत नाही, तळव्याला डाग पडत नाही. अधेमधे इल्मेनाइट या जड खनिजाच्या काळ्या कणांच्या बारीक रेघा, त्याही समुद्राकडे किंचित कललेल्या, म्हणजे लाटेनं किंवा वाऱ्यानं जशी टाकली तशीच पडून राहिलेली वाळू. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की शिंपल्यांचा चुरा फसफसतो. सामू ८.१. गंजाचा एकही ठिपका नाही. वरचा काळपट थरही नाही, कारण सपाटीकरणात तो कापला गेला होता. पाणी १२० सेंटिमीटरवर लागलं. मुळं ९० सेंटिमीटरपर्यंत गेलेली, पांढरी आणि टणक.

सातव्या ओळीत कापणी-भरणी जवळपास झालीच नव्हती, त्यामुळे तिथला छेद सर्वांत प्रामाणिक. वर १८ सेंटिमीटर करडा-काळपट थर, खाली ४० सेंटिमीटरपर्यंत पिवळसर तपकिरी वाळू. त्याखाली ९० सेंटिमीटरपर्यंत नारिंगी ठिपके, दोन ते दहा मिलिमीटरचे, आणि जुन्या मुळांच्या पोकळ्यांभोवती गंजाच्या नळ्या. त्याखाली वाळू राखाडी. ऑगस्टमधलं पाणी ६५ सेंटिमीटरवर, म्हणजे ठिपक्यांच्या पट्ट्यातच. याचा अर्थ सरळ आहे. पाणी भरलं की प्राणवायू संपतो, जिवाणू लोहाला विरघळणाऱ्या रूपात नेतात. पाणी उतरलं की हवा जिथून शिरते तिथे, म्हणजे मुळांच्या वाटांजवळ, ते लोह पुन्हा गंज होऊन बसतं. पाणी जिथे कायम तिथे लोह वाहून जातं आणि वाळू राखाडी उरते. ठिपक्यांचा पट्टा म्हणजे पाण्याच्या चढ-उताराचा पट्टा.

बाराव्या ओळीतला खड्डा सगळ्यांत बोलका होता आणि सगळ्यांत फसवाही. वरची ६२ सेंटिमीटर वाळू अगदी दुसऱ्या ओळीसारखी: तीच फिकट तपकिरी, तोच शिंपल्यांचा चुरा, गंज नाही. फरक इतकाच की इल्मेनाइटच्या रेघा इथे नव्हत्या. काळे कण सगळीकडे मिसळून गेले होते, आणि भरलेली वाळू ओळखायची सर्वांत खात्रीची खूण हीच. रंग सांगत होता की निचरा उत्तम आहे. पण खड्ड्यात पाणी २० सेंटिमीटरवर उभं होतं.

इथे तपासणीचा पहिला खरा निर्णय आला. रंगावर विश्वास ठेवायचा की पाण्यावर? रंग मानला असता तर “यंदा पाऊस जास्त, तात्पुरतं पाणी आहे” म्हणून विषय मिटला असता. पण छेदाचा रंग तयार व्हायला वेळ लागतो. लोह विरघळवणाऱ्या जिवाणूंना सेंद्रिय पदार्थ लागतो. उंचवट्याच्या पोटातून काढलेल्या या वाळूत तो नावालाच होता, लोहही थोडंच, आणि पसरून जेमतेम तीन पावसाळे झाले होते. त्या वाळूचा रंग ती जिथून आणली त्या जागेचा होता.

म्हणून खड्डा आणखी खाली नेला. बाजू सतत ढासळत होत्या, म्हणून दोनशे लिटरच्या पिंपाचा तळ कापून ते आत उतरवलं आणि त्याच्या आतून माती काढली. ६२ सेंटिमीटरवर वाळू संपली आणि काळपट राखाडी थर लागला. हाताला डाग पाडणारा, गोळा होणारा, त्यात भाताच्या मुळांच्या गंजलेल्या बारीक नळ्या. हा जुन्या मळ्याचा पृष्ठभाग. ७८ पासून ९५ पर्यंत गंजाचे ठिपके असलेली राखाडी वाळू आणि ९५ च्या खाली निळसर करडा चिकणगाळ, कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा. हा खाडीचा जुना गाळ. वाळूतून वेगानं उतरणारं पाणी या गाळावर येऊन अडत होतं.

शेजारच्या घरातल्या आजींना नंतर विचारलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “हयसर वायंगणाचो मळो होतो, पावसात ढोपराक पाणी लागायचा.” म्हणजे इथे वायंगणी भाताचा मळा होता आणि पावसात गुडघ्यापर्यंत पाणी असायचं.

प्रत्येक खड्ड्याजवळ दोन इंची पीव्हीसी पाइपची नळी उभी केली. खालच्या भागाला दर पाच सेंटिमीटरवर करवतीचे काप, त्यावर मच्छरदाणीचं कापड तारेनं बांधलेलं, वर टोपण. बाराव्या ओळीतली नळी मुद्दाम ९० सेंटिमीटरवर थांबवली. चिकणगाळ भोसकून खाली गेली असती तर वरच्या पाण्याऐवजी गाळाखालच्या पाण्याचा दाब दिसला असता. मे महिन्यातल्या पातळीसाठी वर्षाच्या शेवटी चौथ्या ओळीशेजारी एक खोल नळी वेगळी घातली. पूर्वेच्या बाजूला तेव्हा फक्त खणून पाहिलं.

ऑगस्टचे आकडे उतारासह मांडले तेव्हा चित्र उलगडलं. पाण्याची पातळी तिन्ही ठिकाणी जवळपास एकच होती, ११० मीटरमध्ये जेमतेम १० सेंटिमीटरचा कल. जमीन मात्र १.१ मीटरनं उतरत होती. म्हणजे पश्चिमेला १२० सेंटिमीटर कोरडी जागा मुळांना मिळत होती आणि पूर्वेला २०. त्यात वाळूतल्या निचरा होणाऱ्या पोकळ्या आकारमानाच्या साधारण चौथा हिस्सा धरल्या, तर १०० मिलिमीटर पावसानं पातळी ४० सेंटिमीटर वर येते. कोकणात असा पाऊस एका दिवसात पडतो.

उन्हाळ्याचं कोडंही यातच सुटलं. पूर्वेच्या रोपांची मुळं २५–३० सेंटिमीटरच्या खाली काळी पडून कुजलेली होती. मेमध्ये पाणी १३५ सेंटिमीटरवर उतरतं आणि जाड्या वाळूत केशाकर्षणानं पाणी फूटभरच वर चढतं. मुळं वर लटकलेली, पाणी खाली. अशा वाळूत दर दहा सेंटिमीटरला पिकाला मिळण्याजोगं पाणी ६–७ मिलिमीटर. ३० सेंटिमीटर मुळांना २० मिलिमीटरचा साठा, म्हणजे कडक उन्हात पाच दिवस. पाणी मात्र दोन्हीकडे आठवड्यातून एकदा, एकदम भरपूर दिलं जात होतं. ऑगस्टमध्ये बुडाल्यामुळेच रोपं एप्रिलमध्ये तहानत होती.

विचारात घेतलेले पर्याय

व्हाळापर्यंत दीड मीटर खोल चर हा सगळ्यांना पहिल्यांदा सुचलेला आणि सर्वांत लवकर पटणारा उपाय. मालकाने यंत्राचा दरही विचारून ठेवला होता. तो नाकारण्याची तीन कारणं होती आणि प्रत्येक कारण एकट्यानंही पुरेसं होतं.

पहिलं, उधाणाचं पाणी. मेमध्ये व्हाळातल्या पाण्याची क्षारता मीटरला १८ डेसिसीमेन दाखवत होती, विहिरीची ०.७. खोल चर उलट दिशेनं वाहिला असता. दुसरं, किनाऱ्यावरच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत असतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावानं ओळखला जाणारा नियम सांगतो की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी, त्याच्या साधारण ४० पट खोल खाऱ्या पाण्याची हद्द. वरची पातळी ३० सेंटिमीटरनं कायमची उतरवली, तर हिशोबानं खालची हद्द १२ मीटर वर सरकते. प्रत्यक्षात चिकणगाळामुळे तंतोतंत तसं होणार नाही, पण धोक्याची दिशा तीच. तिसरं, तो वास येणारा गाळ. नमुन्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर सामू ७.१ वरून ३.२ वर आला. त्यात गंधकाची लोहसंयुगं होती. अशा गाळाला हवा लागली की गंधकाम्ल तयार होतं, आणि ते नुकसान खतानं भरून निघत नाही.

भोकं पाडून गाळाचा थर फोडावा आणि पाणी खाली सोडावं, असाही एक सल्ला आला होता. पावसाळ्यात गाळाखालीही पाणी भरलेलंच असतं, ते जाणार कुठे?

पूर्वेचा भाग पुन्हा भाताला द्यावा हा पर्याय मृदेच्या दृष्टीनं सर्वांत योग्य होता. पण मळ्याचा पृष्ठभाग ६२ सेंटिमीटर वाळूखाली गाडला गेला होता आणि वरच्या वाळूत चिखलणी होत नाही. ती वाळू परत उचलण्याचा खर्च परवडणारा नव्हता. उरला तो मधला मार्ग: उथळ चर, त्यातून निघालेल्या वाळूचे उंचवटे, आणि पाणी सोडायचं की धरायचं हे ठरवता येईल असं तोंड.

केलेली कामं

काम मार्चमध्ये झालं. अकराव्या-बाराव्या ओळींच्या मध्ये एक आणि पूर्वेच्या बांधाकडेनं एक असे दोन चर. दक्षिणेला खोली ६० सेंटिमीटर, उत्तरेला ७५, म्हणजे तळ गाळाच्या २० सेंटिमीटर वर. यंत्रचालकाने पहिला चर सरळ कडांचा खणला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या दोन्ही बाजू कोसळून तळ भरून गेला. वाळूला उभी कड चालत नाही. मग तळ ४० सेंटिमीटर ठेवून प्रत्येक बाजूला एकास दीड (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवा) असा उतार दिला, वरची रुंदी दक्षिणेला २.२ आणि उत्तरेला २.६५ मीटरवर गेली. दोन्ही बाजूंना पाण्याच्या रेषेपासून वर वाळ्याचे ठोंब ३० सेंटिमीटरवर लावले. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात आणि वाळू धरून ठेवतात.

दोन्ही चरांच्या तोंडाशी चिऱ्याची चौकट बांधली. आत फळ्या सरकवायला खाचा, व्हाळाकडच्या अंगाला जाड रबराचा पडदा वरून टांगलेला. चरातलं पाणी तो ढकलून बाहेर जातं, उधाणाचं पाणी आलं की तो चौकटीला चिकटून बसतो. जूनच्या मध्यावर फळ्या काढायच्या, सप्टेंबरच्या अखेरीस जमिनीखाली ३५ सेंटिमीटरपर्यंत बसवायच्या. मागच्या पावसाचं पाणी उन्हाळ्यासाठी धरून ठेवणं हे चर काढण्याइतकंच महत्त्वाचं होतं.

दोन चरांतून सुमारे ११० घनमीटर वाळू निघाली. मेलेल्या १४ जागी ४५ सेंटिमीटर उंच आणि तळाशी तीन मीटर रुंद उंचवटे केले, प्रत्येकाला जवळपास दोन घनमीटर वाळू. उरलेली ओळींच्या पट्ट्यांवर १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त न चढू देता पसरली. जिवंत रोपांच्या पोग्याभोवती, म्हणजे मधल्या कोंबाभोवती, वाळू जाऊ नये म्हणून हातभर जागा मोकळी ठेवली.

आळी जूनमध्ये फोडायची हे ठरलं. खताचा एकूण हप्ता तोच, पण पूर्वेला त्याचे सहा भाग, आणि जुलै-ऑगस्टमध्ये युरिया अजिबात नाही. उन्हाळ्यात पूर्वेच्या रोपांना तिसऱ्या दिवशी थोडं पाणी, पश्चिमेला पूर्वीसारखं आठवड्यानं. आळ्यात नारळाची सोडणं पाठ वर करून दोन थरांत.

निष्पत्ती

दोन पावसाळ्यांनंतर बाराव्या ओळीत ऑगस्टचं पाणी सरासरी ४८ सेंटिमीटरवर होतं. मोठ्या पावसानं ते अजूनही १५ पर्यंत येतं, पण आधी उतरायला आठ-नऊ दिवस लागत, आता दोन. मेमधली पातळी १३५ वरून १४०, विहिरीची क्षारता ०.७ ते ०.८. गोडं पाणी शाबूत राहिलं, यालाच या प्रकरणात सर्वांत जास्त किंमत आहे.

२७ पिवळ्या रोपांपैकी २१ सावरली. बाराव्या ओळीत वर्षाला ५ नवी पानं येत होती, ती ८ झाली. पश्चिमेला ९ येतात. उंचवट्यांवरच्या १४ नव्या रोपांपैकी १३ जगली. न सावरलेल्या सहांपैकी पाच चौदाव्या ओळीतली, अगदी व्हाळाच्या बांधाला लागून. तिथे पाणी बाजूनंही झिरपतं. ती ओळ माडासाठी सोडून दिली आणि तिथे वाळा वाढवला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त टप्पा सपाटीकरणाच्या आधीचा होता. मे महिन्यात पूर्वेला एक मीटरचा एक खड्डा घेतला असता तर मळा आणि गाळ दोन्ही दिसले असते. जुन्या सातबाऱ्याच्या पीकपाहणीत भाताची नोंद होती, ती कोणी वाचली नाही. शिवाय किनारा नियमन क्षेत्रात वाळूच्या टेकड्यांना हात लावण्यावर निर्बंध आहेत. ती चौकशी यंत्र बोलावण्याआधी व्हायला हवी होती. उंचवटा कापल्यानं पश्चिमेचा सुपीक थरही गेला आणि वाऱ्याची आडही कमी झाली.

रोपं पिवळी पडली तेव्हा एक रोप उपटून मुळं पाहिली असती तरी दोन वर्षं वाचली असती. काळी, सालटं निघणारी, घाण वासाची मुळं दिसली की खताचा विचार बाजूला ठेवायचा.

तपासणीतही उणीव राहिली. पूर्वेला उन्हाळ्याची खोल नळी पहिल्याच वर्षी घालायला हवी होती. तिच्याअभावी मेमधल्या १३५ सेंटिमीटरच्या आकड्याला एकाच दिवसाच्या खणण्याचा आधार आहे. फळ्यांची उंचीही अंदाजानं ठरली. ३५ ऐवजी ४५ ठेवली तर ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात मुळं जास्त सुरक्षित राहतील, पण उन्हाळ्याचा साठा थोडा घटेल. यंदा एका चराला ३५ आणि दुसऱ्याला ४५ ठेवून नळ्या दर आठवड्याला मोजल्या जात आहेत.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, बाराव्या ओळीतला खड्डा जुन्या जागेपासून दोन मीटरवर पुन्हा उघडला. मुळं ५० सेंटिमीटरपर्यंत पोचली होती. आणि त्या भरलेल्या, आतापर्यंत कोऱ्या असलेल्या वाळूत ४५ ते ६० सेंटिमीटरच्या दरम्यान, नव्या मुळांच्या वाटांभोवती, टाचणीच्या डोक्याएवढे पहिले गंजाचे ठिपके दिसत होते.